परसातील जुनी शेवंती गोठवून जपता येईल का?

प्रश्न : आमच्या परसात आजीच्या काळापासून बारीक, पिवळ्या आणि उग्र वासाच्या शेवंतीचा वाफा होता. लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले त्या २०१६ च्या उन्हाळ्यात तो जळाला आणि आडाजवळच्या पाच-सहा काश्या (झाडाच्या बुडाशी फुटणारे मुळ्यांसह कोंब) तेवढ्या तगल्या. अशी शेवंती आता आसपास कोणाकडे दिसत नाही. तिचे बी किंवा टिश्यू कल्चरची रोपे गोठवून कायमची जपता येतील का? घरच्या डीप फ्रीजरमध्ये हे जमेल का?
— एक वाचक, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : बियांचा विचार प्रथम बाजूला ठेवावा. शेवंतीला सहसा स्वतःच्या परागाने बी धरत नाही. जे बी धरते त्यात दुसऱ्या झाडाचा अंश असतो आणि त्यातून आजींच्या वाफ्यातलेच फूल मिळेल याची खात्री नसते. हे वाण काशी, छाटकलम किंवा शेंड्याचा कोंब यांतूनच टिकेल.

अर्धापूर-वसमतच्या केळीमुळे टिश्यू कल्चर, म्हणजे झाडाचा लहानसा तुकडा बाटलीत वाढवून रोप करणे, हा शब्द मराठवाड्याला नवा नाही. मात्र केळीची प्रयोगशाळा रोपे भराभर वाढवते, तर जतनासाठी वाढ मुद्दाम मंदावली जाते. निर्जंतुक केलेला कोंब साखर आणि क्षार घातलेल्या आगर या जेलीसारख्या माध्यमावर वाढवून, मग ४ ते ५ अंश सेल्सिअस तापमानात आणि मंद उजेडात ठेवला, तर शेवंती कित्येक महिने नव्या माध्यमाशिवाय राहते. त्यानंतर बाटली बदलावीच लागते, आणि दर बदलाला बुरशी शिरण्याची किंवा चिठ्ठी चुकण्याची भीती असते.

गोठवणीचे महत्त्व इथे आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये असतात, त्याच उणे १९६ अंशांत शेवंतीच्या कोंबाचे एक-दोन मिलिमीटरचे टोक ठेवले, तर पेशींचे व्यवहार जवळजवळ थांबतात. घरच्या फ्रीजरचे उणे १८ अंश मात्र घातक ठरतात, कारण पेशीतील पाण्याचे बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फाटतात. म्हणून प्रयोगशाळेत ते टोक आधी साखरेच्या द्रावणात आणि मग ग्लिसरॉल, डायमिथाइल सल्फॉक्साइड यांसारख्या द्रव्यांच्या मिश्रणात ठेवून त्यातले पाणी कमी करतात, जेणेकरून उरलेले पाणी स्फटिक न होता काचेसारखे घट्ट व्हावे. जपानचे अकिरा साकाई यांनी १९६० च्या सुमारास तुतीच्या काटक्या योग्य पूर्वतयारीनंतर द्रव नायट्रोजनमधून जिवंत बाहेर काढल्या होत्या. आजच्या पद्धतींमागे त्यांचे काम आहे.

शेवंतीपुरती एक गोष्ट मात्र मला फार महत्त्वाची वाटते. तिच्या काही वाणांत कोंबाच्या टोकाचे वरचे आणि आतले थर आनुवंशिकदृष्ट्या भिन्न असतात आणि फुलाचा रंग त्या रचनेवर ठरतो. गोठवताना टोकाचा काही भाग मेला आणि उरलेल्या पेशींतून नवा कोंब फुटला, तर रंग बदलू शकतो. म्हणून गोठवणीतून परत आणलेले रोप फुलेपर्यंत वाढवून मूळ फुलाशी ताडून पाहावे. गोठवणीने विषाणूही आपोआप जातील असे धरू नये. १९५२ मध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी फ्रान्समध्ये रोगट डेलियाच्या शेंड्याचा अगदी सूक्ष्म भाग वाढवून निरोगी रोप मिळवले होते. तशी स्वच्छता आधी करून घेतलेली बरी.

तरीही माझा आग्रह असा, की प्रयोगशाळेची वाट पाहत आपण या पाच-सहा काश्या एकाच आडाच्या भरवशावर ठेवू नयेत. त्या वाढवून वेगवेगळ्या विहिरींचे पाणी असलेल्या चार घरी द्याव्यात आणि उन्हाळ्यात मातृरोपे सावलीत ठेवावीत. त्याच वेळी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या उद्यानविद्या विभागाकडे आणि पुण्याच्या पुष्पविज्ञान संशोधन संचालनालयाकडे लेखी विचारणा करावी. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोत गोठवणीची सोय आहे. पत्रासोबत फुललेल्या झाडाची छायाचित्रे, बहराचा महिना, फुलाचा व्यास आणि हा वाफा किती वर्षांपासून आहे याची माहिती द्यावी.