मृत्युपत्रात थोरल्याचं नाव नाही? फांदी कापायची घाई नको

ताई, तुमचा प्रश्न वाचताना माझीच जुनी वही कुणीतरी पुढ्यात उघडून धरली आहे असं वाटलं. सूनबाईंच्या माहेरचं मूळ अमेरिकेतल्या व्हर्जिनियात. 1740 च्या आसपासचा तंबाखूच्या मळ्याचा मालक, त्याचं मृत्युपत्र तुमच्या हाती लागलंय. त्यात तीन मुलगे, दोन मुली नावानिशी आहेत, पण सूनबाई ज्याच्या वंशातल्या त्या मुलाचा पत्ताच नाही. म्हणून 'हा आपला पूर्वज नव्हेच' असं ठरवून तुम्ही वंशवृक्षाची ती फांदी कापून शेजारच्या पॅरिशमधल्या (एका चर्चच्या हद्दीतला भाग म्हणजे पॅरिश) त्याच नावाच्या माणसाला जोडणार आहात. नका जोडू. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

आधीच सांगतो, मी इतिहासकार नाही, आणि तिकडचा वकील तर नाहीच. 34 वर्षं बँकेत काढली. लेकीकडे सहा-सहा महिने राहायचं तर वेळ कसा घालवायचा, म्हणून जावयाच्या घराण्याची वंशावळ हाती घेतली आणि त्यात रुतलो. खाली लिहितोय ते व्हर्जिनियापुरतं धरा. मेरीलँडची, कॅरोलिनांची दप्तरं वेगळी, रीत वेगळी. आणि 1850 नंतरचं सगळं (जनगणना, थडगी, घरातलं बायबल) तुम्ही केलेलं दिसतंय, तेव्हा त्यात शिरत नाही.

माझी चूक अशी झाली. आपल्या डोक्यात वारसाहक्क म्हणजे सगळ्या मुलांचा. बापाने मृत्युपत्रात एका मुलाचं नाव गाळलं, तर एकतर दोघांचं फाटलेलं असणार, नाहीतर तो त्याचा मुलगाच नसणार. आपले कुळवृत्तांत बघा, पाळण्यात गेलेलं मूलसुद्धा त्यात नोंदलेलं असतं. त्याच चष्म्यातून मी 280 वर्षांपूर्वीचं व्हर्जिनियातलं मृत्युपत्र वाचलं. थोरल्याचं नाव नाही? मग हा बाप नव्हे. संपलं.

तर तिथला कायदा नेमका उलटा. तिथे इंग्लंडचा थोरल्याचा वारसाहक्क चालायचा. मृत्युपत्र न करता बाप गेला की जमीन थोरल्याला. त्यावर 'एन्टेल' नावाचं आणखी एक कुलूप असे. एन्टेल लावलेली जमीन विकायची नाही, मृत्युपत्राने वाटायची नाही, पिढ्यानपिढ्या थोरल्याकडूनच पुढे जायची. आपल्याकडे संस्थानिकाच्या गादीला जो नियम, तो तिथे तंबाखू पिकवणाऱ्या जमीनदाराला. आता विचार करा, बाप मृत्युपत्र करायला बसला. मुख्य मळा थोरल्याकडे आपोआपच जाणार, त्याला काय लिहायचं? तो लिहितो धाकट्यांसाठी आणि मुलींसाठी. कुणाला गाय, कुणाला पलंग, कुणाला नदीपलीकडचे 200 एकर. म्हणजे मृत्युपत्रात ज्याचं नाव नाही, तोच कधीकधी सगळ्यात मोठा वारस! व्हर्जिनियाने एन्टेल मोडलं 1776 मध्ये, थोरल्याचा हक्क काढून टाकणारा कायदा केला 1785 मध्ये. त्याआधीचं कुठलंही मृत्युपत्र वाचताना हे डोळ्यांसमोर ठेवा.

मला हे कळेपर्यंत दोन वर्षं गेली होती. त्या दोन वर्षांत मी तुम्ही करणार आहात तेच केलं. त्याच नावाचा एक 'ज्युनिअर' शोधला, वयाचं गणित जमवलं, 'सीनिअर'ला त्याचा बाप केलं, आणि त्यांच्यामागे इंग्लंडपर्यंत तीन पिढ्या जोडल्या. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पण हौस मोठी! कुळवृत्तांत काढतात तसं पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक छापलं, 60 प्रती, आणि उन्हाळ्यातल्या कुटुंबमेळ्यात वाटल्या. जावयाची एक वृद्ध आत्या तर ते पुस्तक छातीशी धरून रडली. नंतर तिला फोन करून 'आत्या, तुमचे पूर्वज ते नव्हेत' हे सांगण्याइतकं अवघड काम मी बँकेतल्या वसुलीतही केलं नाही.

'ज्युनिअर'चं सांगायलाच हवं. त्या काळात ज्युनिअर म्हणजे मुलगा असं मुळीच नव्हतं. एकाच भागात एका नावाचे दोन पुरुष असले की वयाने मोठा तो सीनिअर, धाकटा तो ज्युनिअर. काका-पुतणे असतील, चुलतभाऊ असतील, एकमेकांचे कुणीच नसतीलही. आणि मोठा वारला की कालचा ज्युनिअर आज सीनिअर! आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची सवय, त्यामुळे मला त्यात काहीच खटकलं नाही. 'कझिन', 'ब्रदर', 'सन-इन-लॉ' हे शब्दही असेच सैल. सावत्र मुलालासुद्धा 'सन-इन-लॉ' म्हटलेलं सापडतं.

सुटका कशी झाली ते सांगतो. मूळ काउंटीचं (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) दप्तर जळालेलं. व्हर्जिनियात हे रडगाणं जुनंच. अमेरिकेच्या यादवी युद्धात सुरक्षित राहावी म्हणून कित्येक काउंट्यांनी आपली दप्तरं राजधानी रिचमंडला पाठवली, आणि एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचं सैन्य शहर सोडून निघालं तेव्हा लागलेल्या आगीत तीच जळाली. पण जमीन जळत नाही, ताई. काउंट्या फुटत गेल्या. न्यू केंटमधून 1720-21 मध्ये हॅनोव्हर निघाली, हॅनोव्हरमधून 1742 मध्ये लुईझा. (माझी काउंटी यांतली नव्हे, उदाहरण म्हणून सांगतोय.) हॅनोव्हरचं जुनं दप्तर बहुतांश गेलं, लुईझाचं 1742 पासून शाबूत आहे. बापाची जमीन पश्चिमेकडे पसरलेली असली आणि मुलाने ती पुढे विकली, तर खरेदीखत नव्या काउंटीत नोंदलं जाणार. तसंच झालं. शेजारच्या काउंटीतल्या एका खरेदीखतात विकणाऱ्याच्या नावापुढे सरळ लिहिलेलं होतं, 'अमुकचा थोरला मुलगा आणि कायदेशीर वारस'. एक ओळ. आपल्या फेरफारातली वारसनोंद असते ना, अगदी तशी. त्या एका ओळीने माझं 60 प्रतींचं पुस्तक रद्दीत गेलं.

आता थोडा राग काढू द्या. ही ओळ मला दोन वर्षं आधी मिळू शकली असती. सुरुवातीलाच मी एका सरकारी अभिलेख कार्यालयात गेलो होतो. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. खिडकीपलीकडच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "1865 च्या आधीचं सगळं जळालं. काही नाही." मी विचारलं, शेजारच्या काउंटीत बघू का? "तुमची इच्छा." बास! जळालेल्या काउंट्यांच्या सुट्या कागदांचा वेगळा संग्रह आहे, तो रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने संगणकावर चढवलाय, हे त्यांना माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. इतर ठिकाणच्या खटल्यांत पुरावा म्हणून जोडलेल्या नकला गोळा करून तो केलाय. तलाठ्याच्या कचेरीत निदान चहावाला तरी सांगतो की साहेब नाहीत, उद्या या. असो. माझीही चूक होतीच. 'जळालं' हा शब्द मी निकाल समजलो. त्याच लायब्ररीची चॅन्सरी खटल्यांची (वारसा, वाटणी असले दावे चालवणाऱ्या कोर्टाचे खटले) सूची आहे, तिच्यात सूनबाईंचं आडनाव घालून बघाच. भाऊबंदकीचे खटले म्हणजे वंशावळीची खाणच. कोण कुणाचा, कोण केंटकीला गेला, कोण बिनवारस मेला, सगळं शपथेवर.

एन्टेलवरून आणखी एक. एन्टेल मोडून जमीन विकायची तर बड्या जमीनदाराला विधानसभेकडून खास स्वतःपुरता कायदा करून घ्यावा लागे. त्या कायद्याच्या प्रस्तावनेत जमीन कुणाकडून कुणाकडे आली याचा दोन-तीन पिढ्यांचा पाढा असतो. विल्यम वॉलर हेनिंगने व्हर्जिनियाचे जुने कायदे 13 खंडांत छापले, त्यांत ते सापडतात. फुकट वाचता येतात. वंशावळवाले तिकडे फारसे फिरकत नाहीत, का कोण जाणे.

तारखांचं वेड लावणारं प्रकरण तुम्ही प्रश्नात लिहिलंयच, 'माणूस वारल्यावर मृत्युपत्र कोर्टात आलं ते फेब्रुवारी 1742 मध्ये आणि त्याच माणसाची सही नोव्हेंबर 1742 च्या खतावर, मेलेला माणूस सही कशी करतो?' तो मेलेला नव्हता. 1752 च्या आधी तिथे नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. म्हणजे त्यांचा फेब्रुवारी 1742 हा आपला फेब्रुवारी 1743. आधी नोव्हेंबर, मग फेब्रुवारी. जॉर्ज वॉशिंग्टनच्या जन्माची तारीखही जुन्या हिशेबाने 11 फेब्रुवारी 1731, आणि नव्या हिशेबाने 22 फेब्रुवारी 1732. वहीत दोन्ही सालं लिहायची सवय लावा.

'प्लांटर' म्हणजे मळेवाला, या शब्दावर फार भाळू नका हेही सांगतो, राग मानू नये. त्या कागदांत 50 एकरवालाही प्लांटरच. बडा असेल तर नावापुढे 'जंटलमन' किंवा 'एस्क्वायर' असतं. सगळ्यांनाच आपला पूर्वज रॉबर्ट 'किंग' कार्टरसारखा हवा असतो. तो 1732 मध्ये वारला तेव्हा त्याच्याकडे तीन लाख एकरांच्या आसपास जमीन होती. अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि ढाल-तलवारीच्या चिन्हासकट तयार वंशावळ कुणी विकत असेल तर पैसे देऊ नका. शंभर वर्षांपूर्वी गुस्ताव आंजू नावाच्या माणसाने श्रीमंत अमेरिकनांना अशा बनावट वंशावळी विकून चांगलंच पोट भरलं, आणि त्यातल्या थापा आजही लोकांच्या झाडांवर लटकलेल्या दिसतात.

जमिनीच्या पेटंटातल्या (सरकारने जमीन दिल्याच्या सनदेतल्या) नावांची यादी म्हणजे कुटुंबाची यादी नव्हे, हेही लक्षात असू द्या. ज्याचं बोटीचं भाडं भरलं त्या प्रत्येक माणसामागे 50 एकर मिळायचे, त्यासाठी ती नावं दिलेली असतात. जॉर्ज मेनिफी नावाच्या मळेवाल्याच्या 1635 च्या यादीत एक नाव आहे 'टोनी, ईस्ट इंडियन'. बहुधा आपल्याकडचा माणूस, शिवाजी महाराज लहान असताना व्हर्जिनियात! मी त्या दिवशी पुढे काही वाचलंच नाही.

आता जे लिहायचं की नाही यावर मी बराच वेळ घालवला ते. खरेदीखताने नातं सिद्ध झालं, पण जावयाच्या एका चुलत्याला ते पटेना. 'नाव तेच, माणूस वेगळा असेल' असं त्याचं म्हणणं. मग मी बाप वारल्यावर केलेली मालमत्तेची यादी आणि 30 वर्षांनी थोरल्याच्या मृत्यूनंतरची यादी शेजारी शेजारी ठेवल्या. भांडी, घोडे, तंबाखू यांच्याबरोबर माणसं. नाव आणि पुढे किंमत, पौंड-शिलिंगमध्ये. बापाच्या यादीतली अकरा नावं थोरल्याच्या यादीत होती. त्यातला एक पहिल्या यादीत 'मुलगा' आणि दुसरीत 'सुतार'. एक बाई दुसऱ्या यादीत 'म्हातारी', किंमत शून्य. व्हर्जिनियात 1705 च्या कायद्याने गुलाम वारसाहक्कासाठी जमिनीसारखे धरले जात, म्हणून ते जमिनीबरोबर थोरल्याकडे आले. घराणं सिद्ध झालं ते त्यांच्या नावांवरून. चुलता गप्प बसला.

जॉन वेल्स 1773 मध्ये वारला तेव्हा 135 माणसं अशीच त्याच्या लेकीच्या वाट्याने जावयाकडे, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनकडे आली. हेमिंग्ज हे प्रसिद्ध गुलाम कुटुंब त्यांतलंच. पण ती मोठी घराणी. बाकीच्यांची नावं या याद्यांतच राहिली. अमेरिकेच्या जनगणनेत मुक्त झालेल्या सगळ्यांची नावं पहिल्यांदा आली ती 1870 मध्ये. 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या तक्त्यात नुसतं वय, लिंग, वर्ण, आणि वर मालकाचं नाव. म्हणजे त्यांच्या वंशजांना मागे जायचं तर तुमच्या सूनबाईंच्या पूर्वजाच्या कागदांतूनच जावं लागतं. माझं मत विचाराल तर यादी मिळाली की ती माणसंही वहीत उतरवा, किंमत गाळू नका, आणि जिथे त्यांचे वंशज शोधू शकतील तिथे ठेवा. सूनबाईंच्या घरी काहींना ते आवडणार नाही. आमच्याकडेही आवडलं नाही. मी दुसऱ्या आवृत्तीत ती अकरा नावं पहिल्या पानावर घातली आणि चुलत्याने प्रत घेतली नाही. त्याची मर्जी.

डीएनएबद्दल विचारलंय तुम्ही. उपयोग होतो, पण सूनबाईंचा नमुना या प्रश्नाला चालणार नाही. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र हवं, म्हणजे त्यांच्या माहेरचा तेच आडनाव लावणारा भाऊ किंवा चुलतभाऊ गाठावा लागेल. आणि तो जुळला तरी घराणं कळतं, माणूस नव्हे. सीनिअर-ज्युनिअर चुलतभाऊ असतील तर दोघांचंही जुळणारच. तेव्हा आधी खतं, मग थुंकी.

तुमच्या पूर्वजाची काउंटी आणि पॅरिश इथे लिहा, थोरल्याने पुढे कुठे जमीन विकली असेल याचा अंदाज बांधू. सध्या मी सांगलीत आहे, रात्री दहानंतर उत्तर देतो. मृत्युपत्राचा फोटो टाकलात तर शेवटच्या पानाचाही टाका, साक्षीदारांच्या सह्यांसकट.