खुणा परत जुळेनात, टायमिंग चुकलं का?

प्रश्न: नमस्कार साहेब, आमच्याकडं आजोबांनी घेतलेला जुना मॅसी १०३५ ट्रॅक्टर आहे, बरीच वर्षं गोठ्यामागं झाकून पडला होता, यंदा म्हटलं इंजिन पूर्ण बांधूनच टाकू. लायनर-पिस्टन नवीन टाकले, क्रँक ग्राइंड करून आणला, हेडही बसलं. टायमिंगचे (व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारे) गिअर चढवताना सगळ्या खुणा समोरासमोर घेतल्या होत्या, फोटो पण आहे माझ्याकडं. मग हाताने दोन फेरे दिले तर आयडलरच्या (मधल्या गिअरच्या) खुणा कुठल्या कुठं गेल्या, अजून दहा-बारा फेरे दिले तरी जुळेनात. मिस्त्री म्हणतोय दात सरकलाय, परत खोला आणि चार नंबरचे व्हॉल्व्ह बघून लावू. आता याला सिलिंडरच तीन, चौथा आणू कुठून? कव्हर उघडंच ठेवलंय, काय करू?
— एक वाचक, बार्शी

उत्तर: दादा, खोलू नका. फोटोत खुणा बरोबर असतील तर बहुतेक काहीच बिघडलेलं नाही. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टचा, एक होतो, म्हणून ते दोघं दर दोन फेऱ्यांनी आपापल्या जागी परत येतात, पण मधल्या आयडलरच्या दातांचा हिशोब वेगळा असतो, त्याच्या खुणा लगेच जुळत नाहीत. त्या खुणा फक्त बसवतानाच्या, नंतर तपासायला त्या कामाच्या नाहीत.

मिस्त्रीचं पण पूर्ण चुकलं नाही, हात चार सिलिंडरच्या गाड्यांवर बसलाय त्याचा. तिथं एक आणि चारचे पिस्टन बरोबर वर येतात, म्हणून एक नंबर कॉम्प्रेशनला आणला की चारचे व्हॉल्व्ह डुलताना, म्हणजे एक मिटताना आणि दुसरा उघडताना, दिसतात. तुमचं इंजिन पर्किन्सचं एडी ३.१५२, मद्रासला सिम्प्सनमध्ये बनायचं ते, तीन सिलिंडर आणि १५२ घनइंच म्हणजे जवळपास अडीच लिटर, फायरिंग १-२-३. इथं जोडीला दुसरा पिस्टन नाही, एक नंबरवरच बघायचं.

कसं ते सांगतो. नोझल काढून ठेवा म्हणजे इंजिन हलकं फिरेल, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) मॅन्युअलप्रमाणं लावून घ्या. फॅनकडचा सिलिंडर एक नंबर. फ्लायव्हीलच्या खुणेवर तो कॉम्प्रेशनला वर आणा, तेव्हा त्याचे दोन्ही पुश रॉड (व्हॉल्व्हकडं जोर नेणाऱ्या दांड्या) बोटांनी मोकळे फिरायला पाहिजेत. आता क्रँकला बरोबर एक फेरा द्या, चालत्या दिशेनेच, उलटं फिरवून खुणेवर आणलं तर गिअरमधल्या ढिलाईमुळं फसाल. कुठं टक्क करून अडलं तर जोर लावू नका, पिस्टन व्हॉल्व्हला लागला असेल. खुणेपाशी एक्झॉस्ट बंद होत आलेला आणि इनलेट नुकता उघडायला लागलेला दिसला पाहिजे, म्हणजे इकडचा रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा हात) उठतोय आणि तिकडचा दबतोय. हे डुलणं टॉपच्या खुणेच्या आसपासच होत असेल तर टायमिंग बरोबर आहे.

एक दात चुकला की किती फरक पडतो? क्रँक गिअरचे दात मोजा आणि ३६० ला भागा. समजा २८ निघाले तर जवळपास १३ अंश, फ्लायव्हीलच्या कडेवर दीड-दोन बोटं. एवढं डोळ्याला सहज कळतं, त्यासाठी डायल गेज पण लागत नाही.

आणि एक गोष्ट मात्र बघाच, कारण इथं भले भले फसतात. कॅमचा गिअर शाफ्टच्या हबवर बोल्टांनी बसतो, आणि गिअरवर आणि हबवर दोन्हीकडं डी अक्षर ठोकलेलं असतं. ते समोरासमोर आहे का? काळ्या तेलाच्या थराखाली ते दिसतच नाही, रॉकेलचं फडकं मारून घासा. डी चुकलेला असेल तर आयडलरच्या खुणा फोटोत कितीही छान दिसू देत, व्हॉल्व्ह भलत्याच वेळी उघडणार.

डिझेल पंपाची खूण वेगळी असते बरं का, फ्लँजवरची रेघ. ती कव्हर लावल्यावर बाहेरून जुळवता येते, त्यासाठी अडून बसू नका.