साखर महागली, तरी कारखाना तोट्यात का?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याचा सभासद आहे. बाजारात साखरेचा भाव वाढलेला दिसतो, तरीही वार्षिक अहवालात तोटाच असतो. हा आमच्या संचालक मंडळाचा दोष आहे, की देशभर हीच स्थिती आहे?

उत्तर : दोष कारभाराचा असू शकतो, पण केवळ अहवालातील तोट्यावरून तो सिद्ध होत नाही, कारण या उद्योगाचे मूळ गणितच गेल्या काही वर्षांत आक्रसले आहे. २०१८-१९च्या हंगामात १० टक्के उताऱ्याला (उसाच्या वजनातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने उत्पादकाला द्यायचा केंद्राने ठरवलेला किमान दर, क्विंटलला २७५ रुपये होती, म्हणजे किलोभर साखरेमागे उसाचाच खर्च साडेसत्तावीस रुपये येत असे. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला ३५५ रुपये ठरले, म्हणजे तोच खर्च ३४ रुपये ६० पैशांच्या पुढे गेला. साखरेची किमान विक्री किंमत मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये झाली आणि पुढची सहा वर्षे तिथेच थांबली. बाजारभाव तिच्या वर असला, तरी बाजारभाव आणि उसाचा खर्च यांच्यातील फरकातूनच पगार, दुरुस्ती आणि व्याज भागवावे लागते.

उतारा चांगला म्हणजे कारखाना नफ्यात, हा समजही तपासून घ्यावा. १०.२५च्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे ऊस उत्पादकाला क्विंटलमागे जास्त मिळतात (आणि ते त्याच्या कष्टाचे रास्त मोल आहे), त्यामुळे किलोमागील उसाचा खर्च जवळपास तोच राहतो. कारखान्याला लाभ होतो तो प्रक्रिया खर्च अधिक साखरेवर विभागला गेल्याने. उतारा साडेनऊ टक्क्यांखाली घसरला तर एफआरपी कमी होत नाही, आणि तिथे खरी कोंडी होते.

इथेनॉलने (पेट्रोलमध्ये मिसळायच्या, उसापासून केलेल्या इंधनाने) मोठा आधार दिला, कारण त्याचे पैसे लवकर हाती येतात, तर साखर केंद्राच्या मासिक कोट्याप्रमाणेच विकता येते आणि तोवर गोदामातील मालावर व्याज चढत राहते. पण डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध आले, ते पुढील हंगामासाठी उठले, आणि कर्ज काढून आसवनी (इथेनॉल बनवण्याचा प्रकल्प) उभारलेल्या कारखान्यांचे हप्ते मधल्या काळात थांबले नव्हते.

म्हणून येत्या वार्षिक सभेत तीन आकडे मागा: गाळपाचे दिवस, किलोमागे व्याजाचा बोजा आणि प्रक्रिया खर्च. शेजारच्या तेवढ्याच क्षमतेच्या कारखान्यापेक्षा ते वाईट असतील, तर जाब संचालक मंडळालाच विचारावा.