मेलपेटी साफ करून देताय? आधी एवढं बघा

सोसायटीतल्या ज्येष्ठांना नको असलेले मेल बंद करून द्यायला घेतलंत, छान! फक्त पहिल्याच दिवशी सगळं उडवायच्या फंदात पडू नका. मी एका काकांच्या जाहिराती बंद करताना त्यांचं म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंटही बंद करून बसलो होतो. तेव्हापासून नियम एकच: फोन ज्याचा, बोटही त्याचंच. आपण शेजारी बसून दाखवायचं.

सुरुवातीला पुरेसं:

- सर्चमध्ये 'अनसबस्क्राइब' (unsubscribe, म्हणजे 'हे मेल पाठवणं बंद करा') हा शब्द इंग्रजीत टाका. जाहिरातींचे बरेचसे मेल एका जागी दिसतात.
- जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाजवळ तेच बटण दिसलं तर ते वापरा. गूगल आणि याहूने २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर जाहिराती पाठवणाऱ्यांना एका क्लिकची सोय सक्तीची केली आहे, आणि विनंती दोन दिवसांत पाळायची असते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा मेल आला म्हणून काकू वैतागल्या, तर जरा थांबायला सांगा.
- लॉटरी, अडकलेलं पार्सल, अनोळखी बँक... अशा मेलमधलं 'अनसबस्क्राइब'सुद्धा दाबायचं नाही. दाबलं की पत्ता चालू असल्याचं त्यांना कळतं. सरळ स्पॅममध्ये टाका. पासवर्ड किंवा ओटीपी मागितला तर पान बंद.

आणि हो, बरेच जण 'जागा भरली' म्हणून येतात. मेल येणं थांबवलं तरी जुन्यांनी अडवलेली जागा सुटत नाही. ते वेगळे डिलीट करून ट्रॅशही रिकामा करावा लागतो.

फिल्टर, लेबलं यांच्या वाटेला सध्या जाऊ नका. आधी दोन-तीन जणांच्या पेट्या होऊ देत, मग विचारा.