40 टक्के म्हणजे नक्की किती?

प्रश्न: डॉक्टरताई नमस्कार, मी गुहागरची, वय 34, लग्नाला सहा वर्षं झाली. दोन आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडायचा उपचार) फेल गेले, एएमएच (अंड्यांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) 1.1 आलाय. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सांगितलंय, 40 टक्के चान्स आहे म्हणाले. मी नेटवर कॅल्क्युलेटरमध्ये सगळं भरलं तर 31 टक्के आले. मिस्टर म्हणतात तीनदा केलं तर 120 टक्के होतात, मग होणारच की. तीन सायकलचं पॅकेज घेऊ का? बागेचे पैसे आलेत त्यातून भरायचेत.

उत्तर: अगं, तुझे मिस्टर चांगले आहेत पण हिशेबात त्यांना माझ्याकडून मार्क काही मिळायचे नाहीत. असं बघ, तुझ्यासारख्या 100 जणी धर आणि चान्स प्रत्येक वेळी 31 च राहिला असं मान. पहिल्या सायकलला 31 जणींना बाळ, उरलेल्या 69 मधून 21 जणींना, मग उरल्या 48, त्यातून 15. झाल्या 67. म्हणजे तीनदा करूनही 33 जणी रिकाम्या हाताने घरी. आणि खरं तर चान्स तेवढाच राहत नाही, वयही पुढे सरकतं.

आता 40 आणि 31 मध्ये खोटं कुणीच नसेल, दोघांचं मोजमाप वेगळं असू शकतं. 40 हे बहुतेक एम्ब्रियो, म्हणजे बाहेर तयार केलेला गर्भ, आत सोडल्यावर (त्यालाच ट्रान्सफर म्हणतात) टेस्ट पॉझिटिव्ह येण्याचं असेल. पण ज्यांचं ट्रान्सफरपर्यंत गेलंच नाही त्या बायका त्यात मोजल्याच जात नाहीत, आणि पॉझिटिव्ह आल्यावर ज्यांचा गर्भ आपोआप पडला त्या मात्र यशात मोजल्या जातात. तुला हवंय बाळ घरी येणं. आंब्याचं तुला मी काय सांगू, मोहोर बघून पेट्या कोण मोजतं? 10 अंडी निघाली तर त्यातली 7-8 तयार, 5-6 फलित, पाचव्या दिवसापर्यंत 2-3 टिकली तरी पुष्कळ. एएमएच फक्त मोहोर किती हे सांगतो, फळ कसं धरेल ते नाही. ते ठरवतं मुख्यतः तुझं वय, आणि 34 हे वाईट नाहीये, चाळिशीनंतर जी घसरण होते त्याच्या मानाने तर नाहीच.

कॅल्क्युलेटर बहुतेक अमेरिका नाहीतर इंग्लंडच्या बायकांच्या आकड्यांवर बनवलेत, त्यांना आपल्या भागातली तू माहीत नाहीस. गर्भनळीत पाणी भरलंय का, गर्भाशयाच्या टीबीची तपासणी झालीय का, हेही त्यात बहुधा विचारत नाहीत, आणि नळीत पाणी असेल तर यश कमी येतं, ते आधी बघून घ्यावं लागतं. आणि हो, तू मिस्टरांचा वीर्य तपासणीचा रिपोर्ट लिहिलाच नाहीस, का गं? सहा वर्षं सगळ्या सुया तुलाच टोचल्या असतील तर आधी तो करून घ्या.

पॅकेजवर सही करण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचार: सुरू केलेल्या सायकलमागे, माझ्या वयात, तुमच्याकडे जिवंत बाळ किती? आणि एका सायकलमध्येच तीन एम्ब्रियो फ्रीझ झाले तर उरलेल्या दोन सायकलचे पैसे परत देणार का, तेही लिहून घे.