वाचक विचारतात: नवले पुलाच्या उतारावर पैसा कुठे घालावा?

प्रश्न: मी पुण्यात नऱ्ह्याला राहतो. नवले पुलाजवळ मोठा अपघात झाला की रम्बलर (गाडीला हादरे देणारे रस्त्यावरचे पट्टे), कॅमेरे लावतात आणि मग लोक म्हणतात की ही नुसती मलमपट्टी आहे, एकदाचा उन्नत मार्ग बांधून टाका. पैशाच्या हिशोबाने काय परवडतं? आणि माणसाच्या जिवाची किंमत लावतात तरी कशी?

उत्तर: जिवाची किंमत म्हणजे भावनेची नाही हो, बुडालेली कमाई, दवाखान्याचा खर्च, गाड्यांचं नुकसान, ट्रॅफिकमध्ये वाया गेलेले तास असं सगळं धरतात. गोची अशी की रस्त्याचा खर्च सरकारी खात्यातून जातो आणि अपघात टळला तर पैसे वाचतात ते तुमच्या-आमच्या घरातले, त्यामुळे खात्याच्या वहीत तो फायदा कुठे दिसतच नाही.

आता उतार. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की सरळ उतारच आहे, डिझेल वाचवायला काही ड्रायव्हर गाडी न्यूट्रलला टाकतात, मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात आणि खाली येईपर्यंत धरतच नाहीत. 20 नोव्हेंबर 2022 ला याच उतारावर एका अवजड गाडीमुळे 48 गाड्यांचं नुकसान झालं होतं. दोन-चार लिटर डिझेल वाचवायला काय हा उद्योग!

ढोबळ नियम असा की सरासरी स्पीड 1 टक्का घटला तर जीवघेणे अपघात साधारण 4 टक्के घटतात, म्हणून कॅमेऱ्याचे पैसे लवकर वसूल होतात. पण ब्रेक गेलेला ट्रक कॅमेऱ्याला काय भीक घालणार? त्याला बोगद्याच्या अलीकडेच थांबवून ब्रेक बघायला हवेत आणि लोअर गिअरमध्ये खाली सोडायला हवा, आणि याला माणसं लागतात, काँक्रीट नाही. उन्नत मार्गाला माझा विरोध नाही, लोकल ट्रॅफिक वेगळं झालं तर फायदा मोठाच आहे, पण तो बांधून होईपर्यंत जे जीव जातील त्यांचाही हिशोब धरा की.

आणि एक, उपाय केल्यावर पुढच्या वर्षी अपघात कमी झाले म्हणून लगेच टाळ्या वाजवू नका, फार वाईट वर्षानंतर आकडा तसाही थोडा खाली येतोच. ब्लॅक स्पॉट, म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, ठरवताना सरकार 3 वर्षांचे आकडे बघतं ना, मग उपायाच्या आधीची 3 आणि नंतरची 3 वर्षं मागा, माहिती अधिकारात.