डीपीतलं (शहराच्या विकास आराखड्यातलं) जमिनीवरचं आरक्षण दहा वर्षांनी आपोआप उठतं का?

नाही, आपोआप उठत नाही. तुमच्या जमिनीवर बागेचं आरक्षण असेल आणि दहा वर्षांत कुणी फिरकलं नसेल, तरी पहिलं पाऊल तुम्हालाच उचलावं लागतं. या एका गैरसमजापायी कितीतरी कुटुंबं नुसती वाट बघत बसतात, याचं फार वाईट वाटतं.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम १२७ बघा. अंतिम विकास आराखडा अमलात येऊन दहा वर्षं झाली आणि जमीन संपादित झाली नाही, तर मालकाने नियोजन प्राधिकरणाला (शहरात बहुधा महापालिका किंवा नगरपरिषद) सूचना (नोटीस) द्यायची. सोबत मालकी हक्काची कागदपत्रं जोडायचीच. सातबारा किंवा मिळकत पत्रिका अद्ययावत करून घ्या आणि पोच सांभाळून ठेवा. त्यानंतर संपादनाची पावलं उचलायला प्राधिकरणाला २४ महिने मिळतात. पूर्वी ही मुदत सहा महिने होती, मग बारा झाली, २०१५ मध्ये चोवीस.

खरी मेख पुढे आहे. मुदतीत पालिकेने नुसता ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवलं, तर संपादन सुरू झालं असं होत नाही. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं: संपादनाची रीतसर घोषणा व्हावी लागते. ती झाली नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं, आणि शेजारच्या जमिनीला जो वापर चालतो तो तुम्हालाही मिळतो. व्यपगत झाल्याची अधिसूचना राजपत्रात यावी लागते, तिचा पाठपुरावा सोडू नका.

जमिनीच्या मोबदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्यायचा पर्यायही आहे. पण सही करण्याआधी वकिलांना कागद दाखवा.